गिअरदांड्याची मूठ

गिअरदांड्याची मूठ ही वस्तु लहान खरी. परंतु महामार्गावरील वसई खाडीच्या पुलावर, वाहनांच्या गर्दींत ती सुटून हातांत आली तर चालकाची काय अवस्था होईल! आपल्या खाऱ्या, दमट हवेंत आटे गंजतात आणि घामानें वरचें वेष्टण सुटतें.

२०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईंतून टॅक्सी म्हणून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनींत हा दांडा सुकाणूच्या खांबास असे. आज तो बहुधा दोन आसनांच्या मध्यें असतो. त्याची मूठ कोठें आट्यांनीं, तर कोठें नुसती दाबून बसविलेली असते. प्रथम तें ओळखावें. स्वयंचलित गिअरची, बटन असलेली मूठ मात्र कारागिराकडेच सोपवावी.

मोटार सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें, हातब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. आट्यांची मूठ घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरवावी. ती हलेना, तर ऊन पाण्यांत पिळलेलें फडकें गुंडाळावें. पक्कड लावूं नये, मूठ फुटते. दाबून बसविलेली मूठ वर ओढतांना तोंड बाजूस ठेवावें. ती एकाएकीं सुटते आणि हनुवटीवर आदळते, हें मीं स्वतः अनुभविलें आहे.

नवी घेतांना जुनी मूठ दुकानीं न्यावी. १२ मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर आट्यांचें अंतर १.२५ मिलिमीटर असतां १.५ ची मूठ दोनतीन फेऱ्यांतच अडते. बळ केल्यास दांड्याचेच आटे जातात. मुठीवरील गिअरच्या अंकांची आकृति सरळ आली म्हणजे खालचा नट असल्यास आवळावा, आणि इंजिन बंद असतांनाच क्लच दाबून सर्व गिअर एकदां लावून पाहावेत.