ई-पत्राचे शिक्कामोर्तब



बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. लखुजी जाधवांचा राजवाडा तुमच्यापैकी कित्येकांनी सहलीत पाहिला असेल. जिजाऊंचे पुत्र शिवाजी महाराज यांच्या पत्रांवर दोन ठसे आढळतात. माथ्यावर राजमुद्रा आणि मजकूर संपतो तेथे 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा, म्हणजेच मोर्तब. पहिला ठसा सांगतो, पत्र कोणाचे आहे. दुसरा सांगतो, मजकूर येथे संपला. यापुढे कोणी ओळ घुसडली, तर ती ताबडतोब ओळखू येते.

ई-पत्राला मात्र असा शिक्का मुळात नव्हता. ई-पत्रांच्या देवघेवीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत पाठवणाऱ्याने जे नाव सांगितले, तेच खरे मानले जाई. याचा परिणाम काय होतो? समजा, सिंदखेड राजातील एका शाळेने स्वतःचा टपाल-सर्व्हर उभारला. कोणी भामट्याने शाळेच्या नावाने "शिष्यवृत्तीसाठी आजच ५०० रुपये भरा" असे पत्र पालकांना धाडले, तर पालकांनी ते ओळखावे कसे? उलट, शाळेचे खरे पत्रही संशयाने 'स्पॅम'च्या टोपलीत जाऊ शकते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना पुढील तिन्ही उपाय सक्तीचे केले आहेत. ते एकेक करून पाहू.

पहिला उपाय : पाठवणाऱ्यांची यादी

इंटरनेटवर डीएनएस नावाची एक जाहीर नोंदवही असते. शाळेच्या नावापुढे तीत काय लिहायचे, हे फक्त त्या नावाचा मालक ठरवू शकतो. शाळेने तेथे नोंद करावयाची, की "आमची पत्रे केवळ अमुक आयपी क्रमांकाच्या यंत्रावरूनच निघतात." या नोंदीला एसपीएफ म्हणतात. पत्र घेणारा सर्व्हर नोंदवही उघडतो आणि पत्र त्याच क्रमांकावरून आले का, हे ताडून पाहतो.

यात एक उणीव आहे. ही तपासणी पाकिटावरच्या पत्त्याची असते. आतल्या कागदाच्या माथ्यावर दुसरेच नाव असले, तरी ती त्याला हरकत घेत नाही. शिवाय मधल्या कोणी पत्र पुढे धाडले, की पाठवणाऱ्या यंत्राचा क्रमांक बदलतो आणि खरे पत्रही नापास होऊ शकते.

दुसरा उपाय : अंकांची मुद्रा

डीकेआयएम या पद्धतीत सर्व्हर पत्राच्या मजकुरापासून गणिताने एक 'सार' काढतो आणि त्यावर गुप्त किल्लीने मुद्रा उमटवतो. ती तपासण्याची जाहीर किल्ली नोंदवहीत ठेवलेली असते. हे कसे साधते, ते लहान अंकांवर करून पाहा.

३ आणि ११ यांचा गुणाकार ३३. जाहीर किल्ली ३, गुप्त किल्ली ७. समजा, पत्राचे सार ५ आले. ५ चा सातवा घात ७८१२५. त्याला ३३ ने भागल्यास बाकी उरते १४. ही झाली मुद्रा. आता घेणारा १४ चा तिसरा घात करतो : २७४४. त्याला ३३ ने भागल्यास बाकी ५. सार जुळले! वाटेत कोणी मजकूर बदलून सार ६ झाले, तर ते जुळणार नाही. भामट्याने अंदाजाने १५ ही मुद्रा लावली, तर बाकी येते ९. तीही जुळत नाही.

३३ चे अवयव तुम्ही क्षणात पाडाल आणि गुप्त किल्ली शोधून काढाल. म्हणूनच प्रत्यक्षात ३३ ऐवजी सामान्यतः २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या वापरतात. ही आरएसए पद्धत रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधली.

तिसरा उपाय : आज्ञा

माथ्यावरचे नाव आणि वरील तपासण्यांतील नाव एकच आहे का, हे डीमार्क पाहते. दोहोंपैकी एक तरी तपासणी उत्तीर्ण व्हावी आणि तिच्यातील नाव माथ्यावरच्या नावाशी जुळावे, अशी अट असते. अट मोडल्यास काय करावे, याची आज्ञाही शाळाच नोंदवहीत लिहिते : काही करू नका, संशयित म्हणून बाजूला ठेवा, किंवा परत लावा.

येथे घाई करू नये. प्रथम एसपीएफ व डीकेआयएम लावावे. मग डीमार्कची 'काही करू नका' ही आज्ञा ठेवून, निरनिराळ्या सर्व्हरांकडून येणारे अहवाल काही आठवडे वाचावे. निकालपत्रे पाठवणारे एखादे दुसरे यंत्र यादीत घालायचे राहिले असेल, तर ते अहवालातून कळते. त्यानंतरच आज्ञा कडक करावी. सुरुवातीसच 'परत लावा' म्हटले, तर आपलीच पत्रे परत जातील.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने जीमेलमधील एखादे पत्र संगणकावर उघडा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क यांपुढे 'पास' लिहिले आहे का, पाहा. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या दहा पत्रांचा तक्ता करून वर्गात लावा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. तिन्ही तपासण्या उत्तीर्ण म्हणजे पत्र त्या नावाच्या मालकाच्या संमतीने निघाले, एवढेच सिद्ध होते. भामटा शाळेच्या नावात एकच अक्षर बदलून नवे नाव घेऊ शकतो आणि त्यावर शिक्कामोर्तबही करू शकतो. म्हणून शिक्का तर पाहाच, पण नावातील प्रत्येक अक्षरही वाचा.