एक वेळू, तीन वाटा

गणिताचे उदाहरण समोर आले की बहुतेक विद्यार्थी प्रथम सूत्र शोधू लागतात. सूत्र आठवले नाही, तर उदाहरण आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे समजून ते वही मिटतात. वास्तविक सूत्रापूर्वी आणखी एक पायरी असते. काय दिले आहे आणि काय विचारले आहे, हे डोळ्यांसमोर आणणे, ही ती पायरी होय.

भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’तील एक उदाहरण घेऊ. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले. तो किती उंचीवर मोडला?

प्रथम आकृती काढावी. उभा राहिलेला भाग, जमिनीवरील अंतर आणि कललेला भाग मिळून काटकोन त्रिकोण होतो. कललेला भाग हा कर्ण. कर्ण व उभी बाजू यांची बेरीज ३२ आहे, आणि त्यांच्या वर्गांची वजाबाकी १६ चा वर्ग, म्हणजे २५६ आहे. वर्गांच्या वजाबाकीस बेरजेने भागले की बाजूंमधील फरक मिळतो. तो ८ आला. म्हणून कर्ण २० आणि उभी बाजू १२ हात.

आता बीजगणिताची वाट. उभी बाजू क्ष मानली, तर क्ष² + २५६ = (३२ − क्ष)². वर्ग पाहून दचकण्याचे कारण नाही. कंस सोडविला की दोन्हीकडील क्ष² नाहीसा होतो, ६४क्ष = ७६८ उरते आणि क्ष = १२ येतो. उत्तर तेच आले, हा आपल्या कामाचा उत्तम पडताळा होय.

येथे सहसा वही मिटली जाते. पण आपण एक नवा प्रश्न विचारू. हाच वेळू कोठे मोडला असता त्रिकोणाचे क्षेत्रफळ सर्वांत मोठे होईल? आता जमिनीवरील अंतर ठरलेले नाही. त्याचा वर्ग १०२४ − ६४क्ष आहे. म्हणून क्षेत्रफळाचा वर्ग २५६क्ष² − १६क्ष³ होतो. क्षेत्रफळ महत्तम असते तेथेच त्याचा वर्गही महत्तम असतो. त्याचे विकलन करून शून्याशी बरोबरी केली की ५१२क्ष = ४८क्ष² मिळते. क्ष शून्य असेल तर त्रिकोणच उरत नाही; म्हणून क्ष = ३२/३. वेळू तिसऱ्या हिश्श्यावर मोडला पाहिजे. तेव्हा कर्ण उभ्या बाजूच्या बरोबर दुप्पट होतो, आणि शाळेत भेटणारा ३०, ६० व ९० अंशांचा परिचित त्रिकोण पुन्हा समोर येतो!

कलनशास्त्राची उभारणी सतराव्या शतकात न्यूटन व लायब्निझ यांनी केली. परंतु ग्रहांची ‘तात्कालिक गती’ मोजताना भास्कराचार्य त्या विचाराच्या जवळ पोहोचले होते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील १२०७ सालचा शिलालेख याची साक्ष देतो.

वाचकांनी १८ हातांचा वेळू घ्यावा. टोक ६ हातांवर टेकले, तर उत्तर ८ आले पाहिजे. ते दोन्ही वाटांनी काढून पाहावे. आणि मग स्वतःचा एक प्रश्न त्यापुढे लिहावा.