अहर्गणापासून तारखेकडे

गेल्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी लागली. माझ्या नावापुढे जन्मतारखेच्या रकान्यात ३८८७३ असा आकडा होता. "तारीख चुकली आहे, अर्ज बाजूला ठेवलाय," असे उत्तर मिळाले. मुदतीस दोन दिवस उरले होते. मी आकडा वहीत उतरवून घेतला.

आकडा चुकलेला नव्हताच. एक्सेलच्या कोष्टकात तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवलेली असते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस. ही कल्पना आपल्याला परकी नाही. पंचांगकर्ते तिला अहर्गण म्हणतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघवा'त शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरला आणि अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र योजले. चक्रे बाजूला काढली की हाती लहान आकडा उरतो. आपणही तेच करू.

१ जानेवारी २००० चा क्रमांक ३६५२६. तो वजा करता २३४७ उरतात. त्यांतून चार वर्षांचे १४६१ दिवस काढले की आपण २००४ च्या आरंभी येतो, शिल्लक ८८६. २००४ हे लीप वर्ष, त्याचे ३६६ गेले, ५२० राहिले. २००५ चे ३६५ गेले, १५५ राहिले. आता साल २००६. जानेवारी ते मे या महिन्यांचे ३१, २८, ३१, ३० आणि ३१ काढले की उरतात ४.

इथेच पाय घसरतो. मी प्रथम ४ जून लिहिले, ते दाखल्याशी जुळेना. बाकी शून्य उरती तर १ जून आला असता; म्हणून चार उरले तर ५ जून! आज्ञावली लिहितानाही हाच क्रम असतो: वजा होईल तोवर वर्ष पुढे न्यावे, मग महिना, आणि शेवटी एक मिळवावा. हा 'एक' विसरणारे पुष्कळ असावेत.

आणखी एक गंमत. एक्सेलमध्ये ६० हा क्रमांक २९ फेब्रुवारी १९०० चा आहे, आणि असा दिवस कधी उगवलाच नाही! शतकाच्या वर्षास ४०० ने भाग गेला तरच ते लीप. लोटस १-२-३ या जुन्या कोष्टकात ही चूक होती; त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून ठेवली. त्यामुळे १ मार्च १९०० नंतरचा प्रत्येक क्रमांक खऱ्या मोजणीपेक्षा एकाने जास्त आहे.

रीत पक्की झाली का हे पाहण्यासाठी मी १७७८९ घेतला. उत्तर आले १३ सप्टेंबर १९४८. त्या दिवशी भारतीय फौजा सोलापूरकडून येऊन आपल्या नळदुर्गात शिरल्या. क्रमांकास सातने भागले, बाकी २ म्हणजे सोमवार (रविवारची बाकी १). माझ्या ३८८७३ चीही बाकी २ च येते.

दुसऱ्या दिवशी सगळी वजाबाकी स्वच्छ अक्षरात लिहून खिडकीशी गेलो. तेथील गृहस्थांनी कागदाकडे पाहिलेदेखील नाही. "५ जून का?" एवढे विचारून त्यांनी रकान्याचे फॉरमॅट बदलले, आणि माझ्यासह खालच्या अकरा जणांच्या तारखा एकदम उमटल्या.