आधी आत्याला विचारा

वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी घराण्याची वंशावळ छापून घेतली. जाड कागद, वर चांगदेव महाराजांच्या समाधिमंदिराचं चित्र, खाली आमच्या पाच पिढ्या. पुणतांब्याच्या घरी पंगती उठल्यावर दोनशे प्रती वाटल्या. सगळ्यांनी पाठ थोपटली. आत्या तेव्हा ८६ वर्षांची होती. तिने कागद मांडीवर पसरला, नातीकडून वाचून घेतला आणि मला विचारलं, "यात माझी आजी कुठंय रे?"

बायका मी घेतल्याच नव्हत्या. उत्तर सुचायच्या आत तिने दुसरा प्रश्न टाकला, "आन् हा गणपत कोन्ता? थोरला का धाकटा?"

माझ्या कागदावर गणपत एकच होता.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जुन्या कागदात 'गणपत बिन राघू', म्हणजे राघूचा मुलगा गणपत, दोनदा सापडला तेव्हा आनंदाच्या भरात मी तो एकच माणूस धरला. प्रत्यक्षात थोरल्या गणपतचा मुलगा राघू, आणि त्या राघूचा मुलगा पुन्हा गणपत. थोरल्याचा बापही राघूच. म्हणजे मधल्या दोन पिढ्या मी गिळल्या होत्या आणि आजोबाची मुलं नातवाच्या नावावर लावली होती. दोनशे घरांत ती चूक भिंतीवर गेली.

त्या दुपारी आत्या अर्धा तास बोलली. मानमोडीत तिच्या आजोबांचे दोन भाऊ आठवड्याच्या अंतराने गेले, एकाचं नुकतंच लग्न झालं होतं. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. हे दोघे माझ्या एकाही कागदात नव्हते. मी म्हटलं, आत्या, दिवाळीला निवांत बसू, सगळं लिहून घेतो. दिवाळीच्या आधीच तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. पुढे दोन वर्षं ती होती, मी जवळ बसायचो, ती बघायची. तो अर्धा तास एवढंच आज माझ्याकडे आहे, तेही आठवणीवर. मोबाइल खिशात होता, रेकॉर्डिंग सुरू करायचं सुचलं नाही.

म्हणून वंशावळीला हात घालणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं विचारतो, घरात सगळ्यात म्हातारं कोण आहे? त्यातही लेकी. आत्या, मावशी, आजीच्या नणंदा. सासरी गेलेली बाई माहेरच्या माणसांची उजळणी मनात करत राहते. त्यांना सन-तारीख विचारू नका, ती सांगता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, गांधीजी गेले तेव्हा तू केवढी होतीस, असं विचारा. साल आपोआप निघतं. आणि त्या कोणाला काय हाक मारायच्या ते जसंच्या तसं लिहा. सरकारी कागदातला यशवंता घरात बापू असतो.

मी नेमकं उलट केलं होतं. सुरुवात केली नाशिकला, पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांपासून. गाव आणि आडनाव सांगितलं की ते लांबट वही काढतात आणि आपल्या कुळातलं कोण कधी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आलं होतं ते वाचून दाखवतात. अंगावर काटा येतो, खरंच येतो. पण त्या वहीतला माणूस आपल्याला कसा लागतो, हे वही सांगेलच असं नाही. त्यासाठी स्वतःपासून एकेक पायरी मागे जावं लागतं. मी, वडील, आजोबा, आणि प्रत्येक पायरीला बाप-लेकाचं नातं सांगणारा एक कागद. शाळेचं जनरल रजिस्टर आणि गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, हे त्यासाठी उत्तम. त्याहून बोलका वारसाचा फेरफार. खातेदार मयत झाला की मागे कोण कोण राहिलं ते त्यात येतं. आमचे दोन गणपत शेवटी अशाच एका फेरफाराने वेगळे केले. त्यात एक नाव होतं, 'सखूबाई कोम गणपत'. कोम म्हणजे बायको. आत्याची आजी मला तिथे भेटली.

पुणतांबा आज राहाता तालुक्यात आहे, पूर्वी कोपरगावात होतं. जुनं दप्तर मागताना दोन्हीकडे चौकशी करा. आपल्या गावाचा तालुका कधी बदलला का, हे आधी विचारलं तर हेलपाटे वाचतात.

जुन्या नोंदी बहुतेक मोडीत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो. जाणकाराकडे नेताना फक्त आपल्या नावाची ओळ नेऊ नका, पूर्ण पानाचा फोटो न्या. शेजारच्या ओळी वाचल्यावर लिहिणाऱ्याचं वळण कळतं. फोटोवर कचेरी, वही, पान आणि तारीख टाका. माझ्या पहिल्या फोटोंवर यातलं काही नाही, त्यामुळे एक नोंद मला आजवर परत सापडलेली नाही. मिती शकातली असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, महिना माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९, पौष असेल तर दोन्ही तपासा.

२०२३ पासून, कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे, अशा नोंदी मोठ्या प्रमाणात शोधल्या गेल्या. त्यामुळे काम सोपं झालंय, पण घाईही वाढलीय. आडनाव जुळलं, गाव जुळलं, की माणूस आपला, असं धरणारे मला भेटतात. त्यांना मी माझा तो छापील कागद दाखवतो.

नवी वंशावळ मी छापलेली नाही. मोठ्या कागदावर पेन्सिलने काढली आहे. जिथे कागद आहे तिथे ठळक रेघ, जिथे नुसती आठवण आहे तिथे तुटक. मानमोडीतले दोघे भाऊ तुटक रेघेवर आहेत. सखूबाई ठळक आहे, पण तिच्या माहेरची चौकट रिकामी. "आजी गंगेपल्याडची," एवढंच आत्या बोलली होती. पलीकडचा वैजापूर तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तिथलं जुनं दप्तर उर्दूत. उर्दू वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना सोबत घेऊन मी येत्या महिन्यात नदी ओलांडणार आहे.