सर्दी गेली, तरी छाती का वाजते?

प्रश्न : सर्दी-ताप जाऊन आठवडे झाले. तरी उदबत्तीचा धूर किंवा गार वारा लागला की उबळ येते, छाती आवळते. संसर्ग गेला, मग आता बिघडलंय काय?

उत्तर : संसर्ग गेला तरी श्वासनलिकांच्या चेतातंतूंचा लगाम काही काळ सैल राहू शकतो.

मेंदूतून छातीत उतरणाऱ्या व्हेगस चेतेच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सुटतं. स्नायूवरच्या एम-३ ग्राहींवर ते बसलं, की श्वासनलिका आकसते. मग कोलिनएस्टरेज हे विकर त्याचे झटपट तुकडे करतं. फवारणीच्या विषबाधेत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हेच विकर निकामी करतात; रसायन साचत जातं, छाती स्रावाने भरते आणि डॉक्टर अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शनं देत राहतात.

पण त्याआधीचा बंदोबस्त मला जास्त विलक्षण वाटतो. ज्या टोकातून रसायन सुटतं, त्याच टोकावर एम-२ नावाचे ग्राही असतात. सुटलेलं थोडं अ‍ॅसिटिलकोलीन मागे वळून त्यांच्यावर बसतं आणि पुढचा पुरवठा आवरला जातो. फ्रायर आणि मॅकलॅगन यांनी 1984 मध्ये गिनीपिगमध्ये हे दाखवलं. पुढे माणसाच्या श्वासनलिकांतही ते आढळलं. विषाणूसंसर्गानंतर गिनीपिगमधले हे एम-२ नीट काम करेनासे होतात. अ‍ॅलर्जीत इओसिनोफिल पेशी चेतातंतूंभोवती गोळा होतात आणि त्यांच्यातलं एक प्रथिन एम-२ अडवून धरतं. धूर तेवढाच, मेंदूचा निरोपही तेवढाच. रसायन मात्र जास्त सुटतं.

औषधांचा घोळही इथेच आहे. नेब्युलायझरमधलं इप्राट्रोपियम एम-३ अडवतं, पण सोबत एम-२ सुद्धा. टायोट्रोपियम एम-२ वरून लवकर सुटतं आणि एम-३ ला दिवसभर धरून राहतं, म्हणून ते दिवसातून एकदा पुरतं. सॅल्ब्युटामोलची वाट निराळी : अ‍ॅड्रेनॅलिनसारखं काम करून ते स्नायू सैलावतं. अ‍ॅड्रेनॅलिन तिथे येतं ते मुख्यतः रक्तातून, कारण माणसात या स्नायूंपर्यंत सिंपथेटिक तंतू जवळजवळ पोचतच नाहीत.

मात्र स्वतःच निदान करून घरातला जुना पंप ओढू नका. छाती वाजत असेल तर स्पायरोमेट्री करून घ्या. आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला असेल, तर आधी थुंकी तपासून क्षयरोग नाही ना, याची खात्री करा.