शिशाचा रंग उतरवण्याआधी

अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेलं घर जो कुणी विकत घेतो किंवा दुरुस्तीला काढतो, त्याने भिंतीला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: शिशाचा रंग अर्धवट माहितीवर काढणं हे तो तसाच राहू देण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. घरगुती रंगात शिसं वापरायला तिथे १९७८ साली बंदी आली, पण ती नव्या डब्यांवर आली. दारं, खिडक्या आणि व्हरांड्याचे कठडे यांच्यावर आधीच चढलेले थर जागच्या जागी राहिले, आणि पुढच्या प्रत्येक मालकाने त्यांच्यावर आणखी एक हात मारला. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय या राज्यांत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबं शाळा आणि ट्रेनची सोय पाहून जुन्या वस्तीत घर घेतात. घर ताब्यात आलं की पहिला विचार रंगाचाच होतो: जुने पोपडे खरवडून, घासून भिंत गुळगुळीत करायची आणि राहायला जायचं. हे काम कुणी करावं, यासाठी तिथे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची व्यवस्था आहे. ती सरकारी कटकट आहे असं मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही, आणि त्याची कारणं मी इथे मांडतो.

हिशोब साधा आहे. चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असलं, की अमेरिकेतला कायदा त्याला शिशाचा रंग म्हणतो. एका चौरस फुटात सुमारे ९२९ चौरस सेंटिमीटर बसतात. म्हणजे व्याख्येच्या अगदी काठावरच्या रंगाच्या एका चौरस फुटातही जवळपास ९३० मिलिग्रॅम शिसं असतं. तेवढाच भाग घासून त्याची पूड झाली आणि ती दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली, तर जमिनीच्या दर चौरस फुटावर सुमारे ९,३०० मायक्रोग्रॅम शिसं बसेल. जमिनीवरच्या धुळीची मर्यादा २००१ साली चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम होती, पुढे ती १० झाली आणि २०२४ च्या नियमाने ती ५ वर आणली. मर्यादेच्या शेकडो पट शिसं एका वहीएवढ्या तुकड्यातून खोलीभर पसरतं, आणि डोळ्यांना फार तर थोडी धूळ दिसते. रांगतं मूल त्याच जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. गिळलेल्या शिशातला जितका वाटा मोठ्या माणसाचं शरीर शोषून घेतं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाचं शरीर घेऊ शकतं. म्हणून भिंतीवर घट्ट बसलेला, न सोललेला थर हा तुलनेने कमी धोक्याचा. खरा धोका तो धूळ होतो तेव्हा सुरू होतो, आणि त्याची सर्वांत जास्त धूळ करतो तो पॉलिश पेपर घेऊन आलेला उत्साही माणूस.

हा केवळ कागदावरचा हिशोब नाही. बाल्टिमोर शहरात शिशाची बाधा झालेल्या मुलांच्या घरांतून रंग काढून टाकण्याची पद्धत बरीच वर्षं चालू होती. जाळून, घासून, खरवडून रंग उतरवायचा आणि झाडून घ्यायचं. फारफेल आणि चिझम या संशोधकांनी अशा घरांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध केला. कामानंतर घरातल्या धुळीतलं शिसं कमी होण्याऐवजी कितीतरी पटींनी वाढलं होतं. मुलांच्या भल्यासाठी केलेल्या कामानेच त्यांच्या आजूबाजूला जास्त विष पसरलं होतं. मला या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो, कारण हेतू चांगला होता, खर्चही झाला होता, नव्हती ती फक्त पद्धत. १९९२ साली अमेरिकी काँग्रेसने शिशाच्या रंगाबाबत स्वतंत्र कायदा केला. त्याच्या आधारे पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, दुरुस्ती आणि रंगकामासाठी २००८ साली नियम आणला आणि तो २२ एप्रिल २०१० पासून लागू झाला. १९७८ पूर्वीच्या घरात किंवा लहान मुलं असतात अशा जागेत पैसे घेऊन काम करणाऱ्या कंपनीकडे प्रमाणपत्र हवं, आणि कामावर प्रमाणित माणूस हवा. आत एका खोलीत सहा चौरस फुटांपेक्षा जास्त किंवा बाहेर वीस चौरस फुटांपेक्षा जास्त रंग हलणार असेल, की नियम लागू. खिडक्या बदलायच्या असतील तर क्षेत्रफळ मोजण्याचाही प्रश्न नाही.

या प्रशिक्षणाचा पहिला अभ्यासक्रम आठ तासांचा असतो, त्यात दोन तास प्रत्यक्ष हातांनी काम करायचं असतं आणि शेवटी परीक्षा. प्रमाणपत्र साधारण पाच वर्षं चालतं, मग उजळणीचा चार तासांचा वर्ग. कंपनीचं प्रमाणपत्र वेगळं, त्यासाठी ईपीएकडे ३०० डॉलर भरावे लागतात. काही राज्यं ही व्यवस्था स्वतःच चालवतात, तिथली फी आणि अर्ज निराळे. वर्गात मुख्यतः शिकवतात ती धूळ कशी रोखायची हे: खोलीतलं सामान बाहेर काढणं किंवा झाकणं, जमिनीवर जाड प्लास्टिक पसरून कडा चिकटपट्टीने बंद करणं, हवेच्या वाहिन्यांची तोंडं झाकणं, भिंत ओली करून खरवडणं, अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने झाडणं आणि ओल्या फडक्याने पुसून तपासणं. उघड्या ज्योतीने रंग जाळायला बंदी आहे. ११०० अंश फॅरनहाइटच्या वर तापणारी हीट गन आणि हेपा शोषण नसलेला ग्राइंडर किंवा सँडर यांनाही बंदी आहे. रंग उतरवण्याच्या जुन्या कारागिरीत ज्याला वेग म्हणतात, जवळपास तेच सगळं इथे निषिद्ध आहे.

ज्यांना हे काम व्यवसाय म्हणून करायचं आहे त्यांच्यासाठी एक मोठी गफलत सांगायला हवी. वर सांगितलेलं प्रमाणपत्र दुरुस्ती करताना धूळ न पसरवण्याचं आहे. ते शिशाचा धोका कायमचा काढून टाकण्याचं प्रमाणपत्र नाही. तो दुसरा परवाना आहे. त्यात कामगाराचं प्रशिक्षण १६ तासांचं, पर्यवेक्षकाचं ३२ तासांचं, आणि पर्यवेक्षकाला अनुभव व स्वतंत्र परीक्षाही लागते. काम तेच दिसेल, खिडकी तीच असेल. पण घर सुंदर करण्यासाठी ती बदलली तर एक नियम, आणि मुलाच्या रक्तात शिसं सापडल्यावर सरकारी आदेशाने बदलली तर दुसरा. पहिल्या परवान्यावर दुसरं काम घेणारा कंत्राटदार नियम मोडतो, आणि घरमालकाचेही पैसे वाया जातात, कारण अशा कामाअखेर परवानाधारक तपासनिसाकडून घेतलेले धुळीचे नमुने पास व्हावे लागतात. मोठं नाव असलं म्हणजे सगळं नीट होतं, असंही नाही. होम डेपो या साखळीने नेमलेल्या कंत्राटदारांनी हे नियम पाळले नाहीत, म्हणून डिसेंबर २०२० मध्ये तिने २ कोटी ७ लाख ५० हजार डॉलरचा दंड मान्य केला. तेव्हा दुकानाची पाटी पाहण्यापेक्षा आपल्या घरी प्रत्यक्ष कोण येणार आहे, हे विचारा. नियमानुसार बाकीच्या कामगारांना प्रमाणित माणूस जागेवर शिकवू शकतो, पण प्लास्टिक लावताना आणि अखेरच्या साफसफाईला तो स्वतः हजर असायलाच हवा.

आता आक्षेप. सर्वांत जास्त ऐकू येणारा म्हणजे, आमच्या पिढ्या अशाच रंगवलेल्या घरांत वाढल्या, कुणाला काय झालं? झालं ते दिसत नाही, हेच त्याचं उत्तर. ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली मुलांच्या शिसेबाधेचं मूळ व्हरांड्याच्या कठड्यांच्या रंगात असल्याचं सांगितलं, ती मुलं उघडपणे आजारी होती. पण हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅसॅच्युसेट्समधल्या, वरून अगदी निरोगी दिसणाऱ्या मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले होते. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्धिचाचणी आणि वर्गातलं लक्ष कमी. अशा मुलाला ताप येत नाही, उलटी होत नाही, म्हणून घरात कुणाला शंकाही येत नाही. अमेरिकेत मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी २०२१ पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि तीसुद्धा सुरक्षिततेची हमी नाही, कारण सुरक्षित अशी पातळी आजवर सापडलेलीच नाही. दुसरा आक्षेप जरा वेगळा: आपल्या घरांत शिसं सिंदुरातून, सुरम्यातून, भेसळीच्या मसाल्यांतूनही येतं, मग रंगावरच रोख का? ते खरं आहे आणि तेही तपासायलाच हवं. पण मुलाच्या रक्तात सगळ्या वाटांची बेरीज होते, त्यामुळे एक वाट दाखवून दुसरी मोकळी सोडण्याला अर्थ नाही.

स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करणाऱ्याला हा नियम लागू नाही, हा आक्षेपही बरोबर आहे. घर भाड्याने दिलेलं नसेल तर कायदा तुम्हाला अडवणार नाही. पण कायद्याने दिलेली सूट धुळीला ठाऊक नसते. स्वतः करायचंच असेल तर तोच आठ तासांचा वर्ग स्वखुशीने करावा, असं माझं ठाम मत आहे. एका दिवसात काय येतं, असं विचारलं तर उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं: पारंगत कुणी होत नाही. मात्र कोणतं हत्यार उचलायचं नाही आणि कुठे थांबायचं, एवढं नक्की कळतं, आणि नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं. खर्चाबद्दल म्हणाल तर सगळं घर उघडं करण्याची गरजच नसते. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या, घासून बंद होणारी दारं, पोपडे सुटलेला भाग, एवढंच आधी करा. बाकी घट्ट बसलेला थर नव्या रंगाखाली झाकून त्यावर नजर ठेवणं पुष्कळदा पुरतं.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या खाली असावं, हा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून उत्पादनाला लागू झाला. त्याचा रोख नव्या डब्यावर आहे. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या लाकडी दारांवर आणि लोखंडी गजांवर त्याआधीचे थर आहेत. रंगारी बोलावताना कोरडं घासू नको, ओलं करून खरवड, एवढं आपण सांगू शकतो, आणि त्या दिवशी मुलं व गरोदर बाई घरात नसतील, हे पाहू शकतो.

अमेरिकेत असाल तर करारावर सही करण्याआधी कंपनीचं नाव ईपीएच्या किंवा राज्याच्या यादीत स्वतः शोधा आणि प्रमाणपत्राची मुदत पाहा. दोनशे-तीनशे डॉलर वाचवण्यासाठी धुळीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणं टाळू नका. आणि घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर काम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर पुन्हा एकदा त्याच्या रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या.