घरच्या घरी गांधी टोपी

प्रश्न : शिवणकाम नवीनच शिकत असताना घरी गांधी टोपी कशी शिवावी? (वाचक, धुळे)

उत्तर : खानदेशातल्या उन्हात सुती टोपी सोयीची. खादी आटते, म्हणून आधी भिजवून वाळवावी. डोक्याचा घेर 22 इंच असल्यास 12 इंच लांब, 9 इंच रुंद अशा दोन पट्ट्या कापाव्यात. माथ्याचा तुकडा तितकाच लांब, मध्ये 4 इंच रुंद, टोकांना निमुळता ठेवावा. यात अर्धा इंच शिलाई धरली आहे. पट्ट्या लांबीत दुमडून उघडी कड माथ्याला जोडावी, मग पुढची-मागची टोके शिवावीत. खाली घडीच येत असल्याने काठ वेगळा दुमडावा लागत नाही. टोपी उलटवून माथा आत दाबावा व इस्त्री करावी. पहिली टोपी जुन्या चादरीची शिवून पाहावी.